तिसरी पिन

दहावीचा निकाल लागला आणि माझ्या नातीचे लातूरला जायचे ठरले. मराठवाड्यात यात नवल काही नाही. मुखेड असो, देगलूर असो की उमरगा, मुलाला नव्वदच्या वर टक्के पडले की पेढे वाटून व्हायच्या आत लातूरच्या खोल्यांची चौकशी सुरू होते. माझी लेक मुखेडला असते. ती खरेदीसाठी पोरीला घेऊन नांदेडला आली आणि दोन दिवस आमच्या ओसरीवर सामानाचा ढीग वाढत गेला. गादी, उशी, पत्र्याची पेटी, दोन कुलपे, टेबल लॅम्प, शेंगदाण्याची चटणी. धपाटे बांधून द्यायचे की नाही यावरून मायलेकींचा वाद. आणि या सगळ्यात नव्या निळ्या बादलीत उभा करून ठेवलेला, वेटोळे घातलेला, पाणी तापवायचा रॉड.

तो रॉड आणायला वजिराबादेत मीच गेलो होतो. दुकानदाराने विचारले, “आयएसआय देऊ का साधा?” दोहोंत शंभर-सव्वाशे रुपयांचा फरक होता. माझ्या पुढचा माणूस साधा घेऊन गेला. मी आयएसआय घेतला खरा, पण त्यात माझे शहाणपण फारसे नव्हते. नातीसाठी घ्यायचे म्हणून महागातले घेतले, इतकेच. घरी आल्यावर मात्र तो ‘साधा’ शब्द डोक्यात घोळत राहिला. कारण केंद्र सरकारने २००३ साली काढलेल्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाप्रमाणे गिझर काय किंवा पाण्यात बुडवायचा रॉड काय, मानक संस्थेच्या शिक्क्याशिवाय विकताच येत नाही. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ‘साधा’ नावाचा रॉड अस्तित्वातच नाही. दुकानात मात्र तो खुंटीला टांगलेला असतो आणि आयएसआयच्या आधी संपतो.

जूनच्या अखेरीस नातीला सोडायला मी बरोबर गेलो. लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटी लातूरला पोचली तेव्हा दुपार टळली होती. खोली बरी होती. दुसरा मजला, खिडकीत कडुनिंब, तीन खोल्यांत मिळून सहा मुली आणि त्या सहा जणींत एक न्हाणीघर. मी म्हातारा माणूस, हातपाय धुवायला म्हणून आत गेलो आणि तिथेच थबकलो. चार फूट बाय पाच फुटांची जागा. एका कोपऱ्यात नळ, शेजारी पाणी भरून ठेवलेले पिंप, आणि नळाच्या वर हातभर अंतरावर भिंतीत सॉकेट. सॉकेटच्या पांढऱ्या तोंडावर ठिणग्यांनी पडलेला काळपट डाग. बाजूच्या खिळ्याला आधीच्या कुणा मुलीने मागे ठेवलेला रॉड.

घरमालकीणबाई भल्या होत्या. चहा घेऊन आल्या. मी सॉकेटकडे बोट दाखवले तर म्हणाल्या, “काका, सात वर्षं झाली, पोरी राहायल्यात. आजवर कुणाला काही झालं नाही.”

बँकेत मी चौतीस वर्षे काढली. “आजवर एक हप्ता चुकला नाही साहेब” हे वाक्य मी ज्यांच्या तोंडून ऐकले, त्यातली कितीतरी खाती पुढच्याच वर्षी बुडीत निघाली. पण बाईंना काय सांगणार? परतीच्या गाडीत मात्र मला झोप आली नाही.

आमच्या लहानपणी न्हाणीघर आणि वीज यांची कधी गाठच पडत नसे. न्हाणी अंगणात, परसात किंवा वाड्याच्या मागच्या सोप्याला. चुलाण्यावर हंडा, नाहीतर तांब्याचा बंब. पाणी तापवायचे ते तुरीच्या पळकाट्यांवर, गोवऱ्यांवर. दिवा असलाच तर कोनाड्यात चिमणी. धुराने डोळे लाल होत, पाय घसरे, क्वचित कुणी भाजेही. पण न्हाताना मेला असे कधी ऐकले नव्हते. पुढे सिमेंटची घरे आली आणि न्हाणी घरात शिरली, बहुधा जिन्याखाली. तिचे ‘बाथरूम’ झाले.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा हे स्थित्यंतर लातूर-धाराशिवकडच्या कितीतरी गावांत एका दमात घडले. माळवदाची, दगडमातीची घरे गेली, आणि पुनर्वसनात जमिनीच्या मानाने अडीचशे, साडेचारशे, साडेसातशे चौरस फुटांची पक्की घरे आली. माझी बदली तेव्हा त्या बाजूला होती. एका नव्या घरात म्हातारीने बाथरूममध्ये सरपण रचून ठेवले होते आणि आंघोळ मागच्या अंगणात, आडोसा करून. मी तेव्हा हसलो होतो. माणसे नव्या घराला सरावायची आहेत अजून, असे डायरीत लिहूनही ठेवले होते. आज वाटते, म्हातारीची आंघोळीची जागा माझ्यापेक्षा बरी होती.

रॉडच का, गिझर का नाही, असा प्रश्न पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना पडतो. त्याचे उत्तर पाण्यात आहे. गिझरला वरच्या टाकीतून सलग पाणी लागते. लातूरने असे उन्हाळे काढले आहेत की नळाला पाणी येणे ही घरात सांगण्यासारखी बातमी असे. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून दहा टँकरच्या वाघिणी घेऊन पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, पाच लाख लिटर पाणी घेऊन. साऱ्या देशाने ते छायाचित्र पाहिले. पण त्या पाण्याचे पुढे काय होई? ते टँकरने गल्लीत येई, घागरी-कळश्यांनी घरात येई आणि पिंपांत, टाक्यांत, बादल्यांत भरून बाथरूममध्ये जाऊन बसे. पाऊसपाणी बरे असले तरी ती सवय जात नाही. आमच्याकडचे बाथरूम हे आंघोळीच्या जागेपेक्षा पाण्याचे कोठार अधिक आहे. अशा कोठारात बादलीतले पाणी तापवायचे तर रॉडच. त्यात पाणी बोअरचे, जड. महिन्या-दोन महिन्यांत रॉडवर चुन्यासारखा पांढरा थर चढतो. थराखाली नळी नको इतकी तापते, तिला बारीक छिद्रे पडतात, आत ओल जाते आणि एक दिवस वीज पाण्यात उतरते. बादली प्लॅस्टिकची असेल तर पाण्यात हात घातल्यावर कळते, लोखंडी असेल तर कडीला हात लावल्याबरोबर.

दुष्काळाचे दुसरे देणे कुणाच्या लक्षात येत नाही. ते म्हणजे अर्थिंग. घराच्या कडेला खड्डा खणून, कोळसा आणि मीठ घालून, त्यात नळ किंवा पत्रा पुरतात आणि त्याला जोडलेली तार घरभर फिरवतात. कुठे वीज गळाली तर तिला जमिनीत उतरायला ही वाट. पण माती ओली असेल तरच ती वाट चालू. पूर्वीचे वायरमन सांगून जात, उन्हाळ्यात खड्ड्यात दोन घागरी पाणी ओतत जा म्हणून. ज्या गावात प्यायचे पाणी रेल्वेने येते, तिथे अर्थिंगच्या खड्ड्याला पाणी कोण पाजणार? खाली मुरूम आणि खडक, वर भेगाळलेली काळी माती. तार जागच्या जागी असते, वाट मात्र बंद झालेली असते.

तारही नसली तर? ही माझ्याच घरची गोष्ट आहे. १९९६ साली कर्ज काढून नांदेडला घर बांधले. हौसेने गिझर बसवला. वर्षभरात बायको म्हणू लागली, नळाला हात लावला की मुंग्या येतात. मी हात लावून पाहिला. मला काही जाणवले नाही. मी पायात स्लीपर घालून होतो. “तू भित्री आहेस” म्हणालो. तिने वाद घातला नाही. स्वयंपाकघरात गॅसवर पातेले चढवून ती त्या पाण्याने आंघोळ करू लागली आणि गॅस लवकर संपतो म्हणून मीच वर कुरकुर केली. असे सात-आठ महिने गेले. मग पंखा लावायला आलेल्या वायरमनने सहज म्हणून गिझरचे सॉकेट उघडले. तिसऱ्या भोकाला हिरवी तार होती. त्याने ती ओढली तर वीतभर तुकडा हातात आला. भिंतीत पुढे काहीच नव्हते. तो तुकडा केवळ दिसण्यापुरता होता. त्या पोराने तो माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, “वहिनी वाचल्या.” बायको दारातच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलेही नाही, आत निघून गेली. ते न पाहणे मला अजून आठवते.

प्लगची तिसरी पिन इतर दोघींपेक्षा जाड आणि लांब का असते, हे आपण कधी विचारत नाही. ती सर्वांत आधी आत जावी आणि सर्वांत शेवटी बाहेर यावी म्हणून. वीज येण्याआधी रखवालदार जागेवर हवा. आपण काय करतो? सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून ती तोडतो. किंवा दोन पिनांच्या वायरीची टोके सोलून काडीने खुपसतो. काही वायरमन तर अर्थिंगचा खर्च वाचवायला न्यूट्रलचाच तुकडा वळवून तिसऱ्या भोकात जोडतात. दिवा लागतो, गिझर तापतो, सगळे आलबेल. ज्या दिवशी न्यूट्रल कुठे तुटेल, त्या दिवशी गिझरचे सगळे अंग जिवंत होईल.

“पण आमच्याकडे एमसीबी आहे की!” हे उत्तर मला सुशिक्षितांकडूनच अधिक मिळाले. इथे थोडा हिशेब करू. हिशेबाची सवय जात नाही. ओल्या अंगाचा विजेला होणारा रोध ढोबळमानाने हजार ओहम धरतात. आपल्या घरची वीज २३० व्होल्टची. भागाकार केला तर अंगातून जाणारा प्रवाह येतो सुमारे २३० मिलिअँपिअर. अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठात चार्ल्स डॅलझील नावाच्या प्राध्यापकांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून मोजले होते की हातात धरलेली तार सोडता येणे कुठवर शक्य असते. सरासरी पुरुषाला १६ मिलिअँपिअरपर्यंत, स्त्रीला साडेदहापर्यंत. त्यापुढे स्नायू आखडतात, तार सुटत नाही. पन्नास-शंभरच्या घरात हृदयाची लय बिघडते. आणि गिझरच्या सॉकेटवरची एमसीबी कितीला पडते? १६ अँपिअरच्या पुढे, म्हणजे सोळा हजार मिलिअँपिअर ओलांडल्यावर. माणूस तेवढ्यात कितीदा मरेल याचा भागाकार वाचकांनी करावा. फ्यूज किंवा एमसीबी ही तारांच्या रक्षणासाठी असते. तार जळू नये, घर पेटू नये, हे तिचे काम. माणूस तिच्या खातेवहीत नाहीच.

माणसासाठी वेगळे यंत्र आहे. याच डॅलझील यांनी १९६१ साली त्याचा एक प्रकार तयार केला. आपल्याकडे त्याला आरसीसीबी म्हणतात, दुकानात जुन्या सवयीने ईएलसीबी. त्याचे काम मला एका क्षणात कळले, कारण ते कॅशियरचे काम आहे. एका तारेने जितकी वीज घरात गेली तितकीच दुसऱ्या तारेने परत आली पाहिजे. आत बसलेले एक कडे सतत ही तोंडमिळवणी करते. फरक तीस मिलिअँपिअरपर्यंत पोचला, म्हणजे कुठेतरी, कदाचित कुणाच्या तरी अंगातून, वीज जमिनीत चालली आहे, की सेकंदाच्या अंशात काउंटर बंद. अर्थिंग चांगले असेल तर माणसाचा हात लागण्याआधीच ते पडते; अर्थिंग नसेल तर हात लागल्यावर, चटका बसून, पण जीव राखून पडते. दोन हातांत दोन तारा धरणाऱ्याला मात्र ते वाचवू शकत नाही. त्याच्या लेखी तो माणूस म्हणजे नुसता एक दिवा.

मग नियम काय म्हणतात? नियमांची आपल्याकडे वाण नाही. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत अशा गळती-रक्षकाचा नियम, ६१-अ, पुढे घातला गेला. पण साध्या घरगुती दाबावर पाच किलोवॅटच्या आतल्या जोडण्या त्यातून वगळल्या. आपल्या वीजबिलावर ‘मंजूर भार’ असा एक रकाना असतो, तो वाचकांनी जरूर पाहावा. मराठवाड्यातल्या मध्यम घराचा आकडा पाचाच्या कितीतरी खाली असतो. म्हणजे बंगल्याला रक्षक सक्तीचा, आणि एका दिव्याच्या, एका रॉडच्या खोलीला नाही. भार मोजला, धोका मोजला नाही. २०१० साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम आले त्यातही आधी पाचच होते; पुढे दुरुस्तीत ते दोन किलोवॅटवर आले आणि घरासाठी गळतीची मर्यादा तीस मिलिअँपिअर ठरली. दोन किलोवॅटच्या आत पुन्हा तेच. हजार-दीड हजार वॅटचा रॉड त्या फटीतून आरामात निसटतो.

अमेरिकेने १९७५ पासून नव्या घरांच्या स्नानगृहातल्या सॉकेटला असा रक्षक सक्तीचा केला. इंग्रजांचा मार्ग निराळा. त्यांच्याकडे २००८ पर्यंत स्नानगृहात दाढीच्या यंत्राच्या खास सॉकेटखेरीज दुसरे सॉकेटच चालत नसे. दिव्याचा खटकासुद्धा बहुधा आत नसतो, छतातून दोरी लोंबते ती ओढायची. पुढे मुभा मिळाली, पण न्हाण्याच्या जागेपासून तीन मीटर दूर असेल तर. २०२२ मध्ये ते अंतर अडीच मीटर झाले. (जाता जाता, आपण वापरतो तो गोल पिनांचा प्लग त्यांचाच. त्यांनी तो १९४७ नंतर हळूहळू टाकून दिला, आपण अजून सांभाळतो आहोत.) आता आपले राष्ट्रीय इमारत संहितेतले किमान स्नानगृह घ्या: दीड मीटर बाय एक पूर्णांक दोन मीटर. यात तीन मीटर दूर जायचे म्हणजे शेजाऱ्याच्या घरात जावे लागेल. आंतरराष्ट्रीय मानकात टब नसलेल्या न्हाणीसाठी पाण्याच्या तोटीपासून एक पूर्णांक दोन मीटरपर्यंतचा पट्टा, वर सव्वादोन मीटर उंचीपर्यंत, इतका धोक्याचा मानतात की तिथे सॉकेट नकोच. त्या मापाने आमचे जवळजवळ सगळे न्हाणीघर त्या पट्ट्यात बसते. अंतर राखून सुरक्षित राहण्याची चैन आपल्याला नाही. सॉकेट दाराबाहेर नेणे आणि गळतीचा रक्षक बसवणे, एवढेच आपल्या हातात उरते.

पण हे तपासणार कोण? जोडणी देताना परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो. तो कागद कसा तयार होतो हे घर बांधलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. जुन्या नियमांत पाच वर्षांतून एकदा तपासणीचीही तरतूद होती. आपल्या घरची तशी तपासणी शेवटची केव्हा झाली ते प्रत्येकाने आठवून पाहावे. आणि दुसऱ्यांकडे बोट दाखवताना माझीच तीन बोटे माझ्याकडे आहेत. मी शेकडो गृहकर्जे मंजूर केली. तीस वर्षांचा मालकी हक्काचा शोध, अकृषक परवाना, मंजूर नकाशा, मूल्यांकन, दोन जामीनदार, आगीचा आणि भूकंपाचा विमा. यातला एक कागद कमी असला तर मी फाइल परत पाठवत असे आणि त्याचा मला अभिमानही होता. घराला अर्थिंग आहे का, असा प्रश्न त्या छापील यादीत नव्हता आणि मलाही तो सुचला नाही. माझ्या स्वतःच्या फाइलीतही नव्हता.

नांदेड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या शाखेत होतो तेव्हाची गोष्ट. भारनियमनाचे दिवस. दिवसाचे कित्येक तास वीज नसे आणि येण्याजाण्याची वेळ कागदावर वेगळी, प्रत्यक्षात वेगळी. एका शिक्षकाचे घरकर्ज होते, हप्ता पगारातून जाई. एके दिवशी त्यांची पत्नी मृत्यूचा दाखला घेऊन आली. सोबत सहा-सात वर्षांचा मुलगा. खाते कसे पुढे चालवायचे, विम्याचे काय, हे मी सांगत होतो आणि त्या मान हलवत होत्या. मध्येच, मी विचारले नसताना म्हणाल्या, “लाईट गेली होती ना साहेब, म्हणून पाणी कितपत तापलं ते बघायला त्यांनी हात घातला.” मग थोड्या वेळाने, “बटण चालूच होतं. लाईट आली.”

मी पाणी मागवले. पुढचे अर्ज त्यांच्याकडून भरून घेतले. ज्या घरात हे झाले त्याचा नकाशा माझ्या टेबलाशेजारच्या कपाटात होता आणि त्यावर माझी सही होती.

देशात दरवर्षी बारा हजारांहून अधिक माणसे विजेच्या धक्क्याने मरतात, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या वार्षिक आकड्यांत दिसते. त्यात शेतातल्या मोटारी आल्या, तुटलेल्या तारा आल्या आणि बादलीही आली.

तर, पुन्हा लातूर. आठवडाभराने मी ओळखीच्या एका वायरमनला घेऊन गेलो. घरमालकीणबाईंना आधी फोन केला. खर्च माझा, असे स्पष्ट सांगितले, म्हणून त्या राजी झाल्या. वायरमनने होल्डरमधला बल्ब काढला, फेज आणि अर्थिंगमध्ये लावून दाखवला. शंभर वॅटचा बल्ब, पण आतली तार नुसती तांबूस झाली. “अर्थिंग आहे म्हणायला आहे,” तो म्हणाला. (हा प्रयोग घरी कुणी करू नये, ज्याचे काम त्याने करावे.) त्याने खड्डा शोधला तर त्यावर मोटारसायकल उभी राहायची आणि फरशी बसवलेली. ती फोडायला बाई तयार नव्हत्या. अर्थिंग नाही तर नाही, मग निदान रक्षक. दुसऱ्या मजल्याच्या वायरिंगपुरता तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. यंत्र दोन हजारांच्या आत आले, मजुरी वेगळी. दोनदा जोडूनही ते लगेच पडे. जुन्या घरात दोन वाटांचे न्यूट्रल एकमेकांत मिसळलेले असतात, ते वेगळे करण्यात त्याची दुपार गेली. बरेच वायरमन अशा वेळी “हे पडतंयच सारखं” म्हणून यंत्र काढून टाकतात. हा टिकला. आतले सॉकेट त्याने बंद करून बाहेरच्या बोळीत, छातीच्या उंचीवर नवे बसवले. पाणी बोळीत तापवायचे, बटण बंद, प्लग बाहेर, मग रॉड बाहेर, मग पाण्याला हात, आणि मग बादली आत. गरम बादली उचलताना पाय घसरू नये म्हणून उंबऱ्याशी पायपुसणे. सहाही जणींना उभे करून मी हे पाठ करून घेतले. नात लाजेने लाल झाली होती. यंत्रावर ‘टी’ अक्षराचे बारके बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून यंत्र पडते का पाहायचे, ते काम तिच्याकडे दिले.

दिवाळी झाली, थंडी पडली. डिसेंबरातल्या एका सकाळी साडेसहाला नातीचा फोन. “आबा, तुमचं ते बटण पडलं. वर करायलोत तर राहीनाच. सगळ्या जणी थांबल्यात, क्लास आहे.” पलीकडे मुलींचा गलका. मी म्हटले, सगळे रॉड काढा, मग वर करा. राहिले. मग एकेक रॉड पाण्यात ठेवून लावून बघा, पाण्याला कुणी हात लावू नका. पहिला लावला, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसऱ्याला फट्. तो औशाकडच्या एका मुलीचा होता. नातीने त्याचे छायाचित्र पाठवले. पांढरा थर, वाकाशी बारीक काळे छिद्र. शिक्का कुठेच नाही.

संध्याकाळी तिचा पुन्हा फोन आला. त्या मुलीने सांगितले म्हणे, सुट्टीत गावी हाच रॉड वापरत होती तेव्हा आठ-दहा दिवस पाण्याला हात लावला की मुंग्या यायच्या. तिला वाटले, थंडीने येतात.

मी फोन ठेवला आणि बायकोला हे सांगितले. ती भाजी निवडत होती. तिने या वेळी माझ्याकडे पाहिले.

घरमालकीणबाईंचा मला परवा फोन होता. तळमजल्यावर आठ मुले राहतात, त्या बाथरूमलाही ‘ते बटण’ बसवायला किती येईल, असे विचारत होत्या. मी आकडा सांगितला. “बघू,” म्हणाल्या. वायरमनचा नंबर त्यांनी घेतला आहे.